आधी वजन लिहा, मग बोली मागा : गोव्यातील ऑनलाइन नाणे-लिलाव गटांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरच्या नाणे-लिलाव गटांचे ॲडमिन, विक्रेते आणि बोलीदार यांस,

स. न. वि. वि.

गणेश-चवथीची साफसफाई सुरू झाली की माडीवरच्या पेट्या उघडतात आणि आठवडाभरात आपल्या गटांवर लॉट, म्हणजे लिलावाला लावलेली नाणी, वाढू लागतात. पोर्तुगीज काळातले टांगे आणि रुपिया, ब्रिटिशांचे राणीछाप आणि जॉर्ज रुपये, दोन-चार शिवराया (मराठेशाहीतले तांब्याचे पैसे), मधेच एखादे कडी लावलेले चांदीचे नाणे. माल पुष्कळदा चांगला असतो. भांडणेही याच दिवसांत वाढतात आणि ती ठरलेलीच असतात. फोटोत दिसले ते आले नाही, माझी बोली आधी पडली होती, पाकीट फाटून नाणे गळाले, चांदीचा भाव चढला तसा विक्रेता फिरला. यात उघड लबाडी थोडी. बाकीचा घोळ पहिली बोली पडण्याआधी जे लिहून ठेवायला हवे होते ते कोणी लिहीत नाही म्हणून होतो. ते काय लिहायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

'पोर्तुगीज चांदीची रुपिया, दुर्मीळ, कंडिशन टॉप' या ओळीवर लॉट लागतो आणि बोल्याही पडतात. या ओळीतून कळते काय? १८७८च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाशी जुळवले गेले. राजा लुईसच्या मुद्रेची १८८१ आणि १८८२ची रुपिया कलकत्त्याच्या टांकसाळीत पडली. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी हजारात ९१७, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश रुपयाचेच माप. राजा कार्लुसची १९०३ व १९०४ची रुपिया आणि पोर्तुगीज प्रजासत्ताकाची १९१२ची रुपिया याच मापाच्या. १९३५ची रुपिया मात्र १२ ग्रॅमची, चांदी ९१७. १९४७ची रुपियासुद्धा १२ ग्रॅमचीच, पण तिच्यात चांदी हजारात ५००. आणि १९५२च्या रुपियात चांदी अजिबात नाही, ती तांबे-निकेलची. म्हणजे हातात सारखीच जड लागणारी दोन नाणी घेतली तर १९३५च्या रुपियात शुद्ध चांदी ११ ग्रॅम आणि १९४७च्या रुपियात ६ ग्रॅम. 'चांदीची रुपिया' एवढेच लिहून पुढे जाणारा विक्रेता जवळजवळ दुपटीचा फरक झाकतो, बहुतेक वेळा नकळत. साल आणि धातूचा कस ही वर्णनातली पहिली दोन कलमे असावीत ती यासाठी.

चिल्लरीतही हाच गोंधळ आहे. १९३६ची अर्धी रुपिया ८३५ कसाची चांदी, तर १९४७ आणि १९५२ची अर्धी रुपिया तांबे-निकेल. १९३४चे दोन टांगे आणि चार टांगे पांढरे दिसतात म्हणून 'चांदीचे' ठरतात, तेही तांबे-निकेलच. १९५८ साली आलेल्या सेंटाव्हो-एस्कुदोच्या मालिकेत तर कुठेच चांदी नाही. सहा एस्कुदोचे १९५९चे नाणे जुन्या एका रुपियाच्या जागी आले, एवढेच त्याचे चांदीशी नाते. दहा सेंटाव्होच्या १९६१च्या नाण्याला 'मुक्तीच्या वर्षाचे ऐतिहासिक नाणे' असा मथळा देऊन शेकडो रुपये मागणे कायद्याने गुन्हा नसेल, पण नवख्या पोराला पहिल्याच खरेदीत छंदातून उठवायचा तो हमखास उपाय आहे.

वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत द्या. सोनाराकडे असतो तसला खिशातला डिजिटल तराजू त्यासाठी पुरतो. मात्र तो अधूनमधून तपासावा लागतो, कारण बॅटरी उतरली की आकडा हळूच सरकतो. २०११ ते २०१८ या काळातल्या एक रुपयाच्या नाण्याचे ठरीव वजन ३.७९ ग्रॅम आहे. अशी कमी वापरलेली पाच नाणी एकत्र ठेवली की १८.९५च्या आसपास आकडा यायला हवा. तराजूच्या पडद्यासह नाण्याचा फोटो टाका, म्हणजे पुढचे दहा प्रश्न वाचतात. ११.६६ ग्रॅमचे नाणे झिजून ११.४० झाले असेल तर त्यात वावगे काही नाही. पण वजन ११ ग्रॅमच्या आसपास उतरलेले आणि राजाचे केस मात्र टांकसाळीतून आत्ताच आल्यासारखे तीक्ष्ण, हे दोन्ही एकाच नाण्यात नांदत नाहीत. तिथे शंका घ्या.

शंका आली तर पाण्याची कसोटी घरी होते. पाण्याने अर्धा भरलेला प्लॅस्टिकचा पेला तराजूवर ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटका. आता तराजू जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९१७ कसाच्या चांदीची घनता १०.३च्या आसपास येते, म्हणून ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या नाण्याला आकडा १.१३ दिसायला हवा. १९४७च्या १२ ग्रॅमच्या रुपियाला तो १.२४च्या जवळ येईल. पितळ किंवा तांबे-निकेलवर चांदीचा मुलामा असेल तर आकडा १.३० किंवा त्याच्याही पुढे जातो. एकदा करून थांबू नका, तीनदा करा. बुडबुडा अडकला तरी आकडा वाढतो आणि खरे नाणे खोटे ठरते.

यानंतर काठ, ज्याचा फोटो कोणीच टाकत नाही. आपल्याकडे चांदीची नाणी दागिन्यांत फार गेली आहेत. कडी काढून, घासून, पुन्हा बाजारात आलेले नाणे समोरून निर्दोष दिसते. काठ फिरवला की एका जागी, बहुधा मुद्रेच्या डोक्यावर, दाते सपाट झालेले किंवा कडी जोडलेल्या डाकाचा करडा ठिपका दिसतो. भोक पाडून नंतर बुजवलेले असेल तर त्या जागी पार्श्वभूमीचा पोत बदललेला असतो आणि अक्षराचा एखादा पाय हाताने कोरल्यासारखा वाकडा असतो. ओतीव नकलेत काठाला शिवण दिसते, अक्षरे साबणासारखी गोल होतात आणि भिंगाखाली बारीक छिद्रे दिसतात. या साऱ्यासाठी काठ फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरे. कडी काढलेले नाणे विकू नका असे आम्ही म्हणत नाही. 'कडी काढलेली' हे दोन शब्द लिहा आणि त्या हिशेबाने बेस (बोलीची सुरुवातीची किंमत) ठेवा.

फोटो खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पांढऱ्या कागदावर काढा. फोन अगदी चिकटवला की त्याची सावली पडते. वीस-पंचवीस सेंटिमीटर दूर धरून दुप्पट झूम करा. नाणे प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा, बोटांनी फक्त काठ धरा. एक फोटो सरळ आणि एक नाणे थोडे कलते ठेवून काढावा, कारण घासल्याच्या बारीक रेषा कलत्या उजेडातच उमटतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, म्हणून 'एचडी' निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंग खुलवणारे फिल्टर तर नकोच नको. जुन्या चांदीचा काळसर-निळसर थर हा दोष नाही, ते तिचे वय आहे आणि जाणकार त्याचेच पैसे मोजतात.

ते कळत नाही म्हणून घरोघर नाणी धुतली जातात. चिंच, कोकमाची आगळ, रांगोळी, भांडी घासायची पूड, टूथपेस्ट. देवघरातली समई उजळते तसे नाणेही उजळते खरे, पण वरचा थर गेला की तो परत येत नाही. धुतलेली चांदी एकसारखी पांढरी दिसते, धुतलेले तांबे गुलाबी-नारिंगी. विक्रेत्याने स्वतः धुतलेले नसेल तरी दिसते ते लिहावे: 'पूर्वी घासलेले'. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या टांग्यांवर हिरवे चढते, त्यातही दोन प्रकार आहेत. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर स्थिर असतो. फिकट हिरवी भुकटी, जी टोकरली की खाली खळगा दिसतो आणि पावसाळ्यात पुन्हा उगवते, ती धातू खाणारी आहे आणि तिची क्षारयुक्त ओल शेजारच्या तांब्यालाही बाधते. भुकटी असेल तर सांगूनच विका. तिसरा हिरवा चिकट थर प्लॅस्टिकचा: मऊ पीव्हीसीच्या अल्बमच्या पानांतून तो नाण्यावर उतरतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवात तेल आणि सुगंध असतो, तो वापरू नका. ॲसिटोन पेट घेते, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवा.

दर्जाबद्दल थोडक्यात. 'सुपर', 'मिंट', 'टॉप' सोडा आणि एफ, व्हीएफ, एक्सएफ, एयू, यूएनसी ही झिजलेल्यापासून न वापरलेल्या नाण्यापर्यंत चढत जाणारी रूढ अक्षरे वापरा. लुईस आणि कार्लुसच्या नाण्यांवर कानावरचे केस आणि गाल आधी झिजतात, १९१२च्या रुपियावर स्त्रीमुद्रेचे केस, पाचव्या जॉर्जवर मुकुटातले खडे आणि झग्यावरचा हत्ती. त्या जागा फोटोत स्पष्ट दिसल्या तर अक्षरांवरून वाद होत नाही. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या बंद डबीतले नाणे असेल तर डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर टाकून बघा, आणि तिथे फोटो असेल तर तोही नाण्याशी ताडून बघा. खरा क्रमांक नकली डबीवर छापलेला असू शकतो.

'दुर्मीळ' हा शब्द ॲडमिननी कारणाशिवाय चालू देऊ नये. सहाव्या जॉर्जचा १९३९चा मुंबई टांकसाळीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे. म्हणूनच १९३८च्या रुपयातला ८ खरडून ९ केलेली नाणी फिरतात. तपासणी कंपनीच्या डबीत नसेल तर असा रुपया गटात लावूच देऊ नका, दहापट भिंगाखाली शेवटच्या आकड्याचा फोटो टाकला तरीही. शिवराईचे उलटे आहे. दुदांडी शिवराई पेशवाईच्या काळातली, भरपूर सापडणारी. तिच्यावर 'महाराजांच्या हातची' लिहून भावनेला भाव लावू नका. ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून विकले जाणारे १८१८चे रामदरबार, हनुमान किंवा कमळाचे तांब्याचे तुकडे नाणी नव्हेतच. चमत्कारी म्हणून खपवले जाणारे 'तांदूळ ओढणारे' नाणे ही तर सरळ पोलिसात द्यायची गोष्ट. वैष्णोदेवीची पाच-दहा रुपयांची नाणी लाखांना विकली जातात या अफवेच्या आडून रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'कमिशन' मागणारे फोन येतात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने स्वतःच जाहीर केले आहे की ती असल्या व्यवहारांत नाही आणि कोणाकडून शुल्क मागत नाही. हे निवेदन गटाच्या माहितीत कायमचे चिकटवून ठेवा.

आता घड्याळ. ऐन पावसात सत्तरी किंवा काणकोणात नेटवर्क अडखळले की दोघांच्या फोनवर बोल्यांचा क्रम वेगवेगळा दिसू शकतो. दोघांचेही स्क्रीनशॉट खरे असतात आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. उपाय एकच: त्या लिलावापुरता एका ॲडमिनचा फोन आधी जाहीर करा, त्यावरचा क्रम अंतिम. बोली म्हणजे लॉटच्या फोटोला उत्तर म्हणून टाकलेला फक्त आकडा. 'माझे', 'डन', अंगठा, नमस्कार यांना बोली समजू नये. व्हॉट्सॲपवर संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पुसताही येतो, म्हणून 'एडिटेड' दिसलेली बोली रद्द. शून्य जास्त पडले, १,२०० ऐवजी १२,००० झाले, तर दोन मिनिटांत तसे लिहून दुरुस्ती मागता यावी. त्यानंतर नाही.

बोलीची वाढ ठरलेली असली की 'दहा वर' म्हणत फक्त दहा रुपयांनी चढवायचा खोडसाळपणा थांबतो. आमची सूचना अशी: ५०० रुपयांपर्यंत २०, ५०० ते २,००० पर्यंत ५०, २,००० ते १०,००० पर्यंत १००, त्यापुढे २५०. शेवटची वेळ साडेनऊची असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत पडलेल्या प्रत्येक बोलीला आणखी तीन मिनिटे मिळावीत. तीन मिनिटे शांत गेली की ॲडमिनने 'बंद' लिहून गटाची सेटिंग 'फक्त ॲडमिन संदेश पाठवतील' अशी करावी. शब्दांपेक्षा कुलूप बरे. फेसबुकवर टिप्पण्या 'सर्वांत संबंधित' अशा क्रमाने दिसतात आणि मधल्या बोल्या लपतात. तिथे 'सर्व टिप्पण्या' निवडून मगच बघायचे, हे लिलावाच्या पोस्टमध्येच लिहा.

ज्यांना त्या वेळी फोनवर बसता येत नाही त्यांनी आपली कमाल बोली ॲडमिनकडे आधी द्यावी. एकाने ३,००० आणि दुसऱ्याने २,६०० दिले असतील तर पहिल्याला नाणे २,७०० ला मिळते, ३,००० ला नाही. हे काम करणाऱ्या ॲडमिनने त्या लिलावात स्वतः विकायचे नाही आणि बोलीही लावायची नाही. दुसऱ्याचा आकडा माहीत असलेल्या माणसाने खेळात उतरणे गैर आहे, मग तो कितीही सज्जन असो.

विक्रेत्याच्या भावाने, मित्राने, दुसऱ्या नंबरवरून बोली चढवणे हा गटांना लागलेला सर्वांत जुना रोग. ते ओळखायची एक खूण म्हणजे विशिष्ट विक्रेत्याच्याच लॉटवर जोरात बोलणारा आणि क्वचितच जिंकणारा सभासद. मनात किमान किंमत असेल तर तीच बेस म्हणून उघड लिहा. १ रुपयाच्या बेसने सुरू करून मग 'परवडत नाही' म्हणायचे नाही. एकदा लॉट बंद झाला की चांदी दुसऱ्या दिवशी कितीही चढो किंवा पडो, दोघेही त्या आकड्याला बांधलेले.

जिंकणारा पळाला तर? येथे बहुतेक गट दुसऱ्या बोलीदाराला त्याच्या शेवटच्या आकड्यावर नाणे देऊ करतात, आणि इथेच त्याच्यावर अन्याय होतो. समजा तिसऱ्याची बोली २,०००, दुसऱ्याची ३,४००, जिंकणाऱ्याची ३,५००. दुसरा ३,४०० पर्यंत चढला तो केवळ पळालेल्या माणसाशी झुंजताना. तो माणूस नसताच तर नाणे २,१०० ला सुटले असते. म्हणून दुसऱ्याला देऊ करायची किंमत तिसऱ्याच्या बोलीवर एक पायरी, म्हणजे २,१०० हीच योग्य. तेवढ्यावर विक्रेता तयार नसेल तर लॉट पुन्हा लावा. या एका नियमाने खोटी बोली जिंकून पळण्यातला फायदा संपतो. दुसऱ्यावर घेण्याची सक्तीही नको, त्याने तोवर दुसरे नाणे घेतलेले असू शकते.

बोलीदारांनीही काही पथ्ये पाळावीत. प्रश्न बोली सुरू होण्याआधी विचारा. लिलाव चालू असताना विक्रेत्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन 'आत्ताच इतके देतो, बंद कर' म्हणणे म्हणजे ज्यांनी आधी बोली लावली त्यांच्या पाठीमागून नाणे उचलणे. दुसऱ्याच्या लॉटखाली 'म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीनशेला मिळते' असे लिहिणे टाळा. मिळत असेल तर तिथून घ्या. पण नाणे खोटे वाटले तर गप्प बसू नका. सगळ्यांसमोर 'फेक!' ओरडण्याआधी विक्रेत्याला आणि ॲडमिनला वेगळा संदेश पाठवा, कारण सांगा: वजन, काठ, अक्षराचा आकार. ॲडमिनने लॉट तिथेच थांबवावा आणि उत्तर समाधानकारक मिळाल्यावरच पुढे न्यावा. पुष्कळदा विक्रेत्यालाही ते माहीत नसते.

पैसे चोवीस तासांत, यूपीआयने, गटात नोंदवलेल्या नावाच्याच खात्यावर. विक्रेत्याने स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवता बँकेत रक्कम जमा झालेली बघावी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर पाठवून 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा चोर आहे. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

गोवा लहान आहे, पेडणे ते काणकोण एका दिवसात जाऊन येता येते, म्हणून पाच-दहा हजारांपुढचा व्यवहार शक्यतो हातोहात करा. दिवसाढवळ्या, बँकेच्या शाखेत किंवा वर्दळीच्या ठिकाणी, दोघांकडे तराजू आणि भिंग. नाणे बघून वर्णनाशी जुळत नसेल तर खरेदीदार नकार देऊ शकतो. जुळत असेल तर तिथे घासाघीस सुरू करू नये.

टपालाचा प्रश्न मोठा. नाणे दोन बाय दोन इंचांच्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घाला आणि पिना पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर वरच्या पिना खालच्या नाण्याला ओरखडतात. त्याच पिना आपल्याकडच्या हवेत गंजतात, ते वेगळेच. होल्डर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये पट्टीने बांधा, पट्टी नाण्याला लागता कामा नये. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. मग झिप पिशवी (पावसाळ्यात दोन), बबल, खोका. हलवून बघा, खुळखुळले तर पुन्हा बांधा, कारण खुळखुळणारे पाकीट हाताळणाऱ्या प्रत्येकाला आत काय आहे ते सांगत जाते. बाहेर 'नाणी', 'चांदी' असे काही लिहू नका. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिन आणि फोन सगळे हवे. नुसते 'चॅपेलजवळ' एवढ्यावर पाकीट परत जाते. रजिस्टर्ड पोस्टची सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा नियमावलीतले 'रजिस्टर एडी' हे शब्द काढून टाका आणि किमतीचा विमा उतरवून स्पीड पोस्ट करा. खासगी कुरियर कंपन्यांच्या अटींत बहुधा चलन आणि मौल्यवान धातू नेत नाही असे कलम असते. हरवले तर भरपाई मागायला जागा राहत नाही. टपालखर्च आणि विमा कोणाकडे, हे लॉटच्या वर्णनातच असावे.

बांधतानाचा व्हिडिओ विक्रेत्याने करावा, उघडतानाचा खरेदीदाराने. उघडतानाचा व्हिडिओ न तोडलेला हवा: आधी बंद पाकिटाच्या सगळ्या बाजू आणि पत्ता, मग कापणे, मग नाणे दोन्ही बाजूंनी आणि शेवटी तराजूवर. वर्णनाशी न जुळल्याची तक्रार मिळाल्यापासून तीन दिवसांत. नाणे खोटे निघाले तर मुदत नाही, वर्षाने कळले तरी विक्रेत्याने पैसे आणि दोन्ही बाजूंचा टपालखर्च द्यायचा. तपासणी कंपनीने खोटे ठरवले तर तपासणीचा खर्चही त्याचाच.

कायद्याची एक गोष्ट गोव्यात विशेष लागू पडते, कारण आपले नातलग लिस्बन, लंडन आणि आखातात आहेत आणि ते गटांवरही आहेत. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. असे नाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, टपालाने नाही आणि बॅगेतूनही नाही, आणि त्यांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. १८८१ची, १९०३ची, १९१२ची रुपिया त्या व्याख्येत बसते. १९३४चा चार टांगा अजून बसत नाही. परदेशातल्या सभासदांना जुन्या लॉटवर बोली लावू द्यायची असेल तर नाणे भारतातल्याच पत्त्यावर राहील, हे आधी लिहून घ्या. शेतात, विहिरीत, घराच्या पायात सापडलेल्या नाण्यांना १८७८चा गुप्तधन कायदा लागतो: दहा रुपयांहून जास्त मोलाचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. श्री सप्तकोटीश्वराचे नाव आणि सिंह असलेले कदंबांचे सोन्याचे नाणे कोणी 'खणताना मिळाले' म्हणून गटात टाकले तर त्यावर बोली मागू नका, त्याला पुरातत्त्व खात्याचा रस्ता दाखवा.

ॲडमिन मंडळींकडे शेवटचे मागणे. काळ्या यादीत कोणाला टाकण्याआधी दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि व्हिडिओ मागवा. नाव गटातून काढा, पण कोणाचा पत्ता, फोन, खात्याचा क्रमांक चव्हाट्यावर टाकू नका. नियम गटाच्या वरच्या जागी चिकटवा आणि चवथीआधीच्या लिलावापासून लागू करा. लॉटचे वर्णन कसे असावे याचा एक नमुना सोबत देत आहोत, तसाच्या तसा उचलून वापरा:

'लॉट ७. पोर्तुगीज इंडिया, एक रुपिया, १८८१, राजा लुईस, कलकत्ता टांकसाळ. चांदी ९१७. वजन ११.५२ ग्रॅम, फोटो सोबत. काठ पूर्ण, दाते शाबूत, व्हिडिओ सोबत. कडी नव्हती, भोक नाही. पूर्वी हलके घासलेले, उजव्या बाजूला रेषा दिसतात. व्हीएफ. बेस १,८००, वाढ ५०, २,००० नंतर १००. शनिवारी रात्री ९.३० ला बंद, शेवटच्या बोलीनंतर तीन मिनिटे. टपाल व विमा खरेदीदाराकडे, फोंड्यात हातोहात मिळेल. शंभर वर्षांवरचे असल्याने देशाबाहेर पाठवता येणार नाही. खोटे ठरल्यास कधीही परत.'

आपले,
फोंडा, म्हापसा आणि मडगाव परिसरातील काही संग्राहक